थकव्याचा ताळेबंद

बाजारपेठेतील कोणत्याही जुन्या दुकानात दुपारी चारच्या सुमारास डोकावले, तर एक दृश्य हमखास दिसते. पन्नाशी ओलांडलेले शेठजी गादीवर बसून एकच बेरीज तिसऱ्यांदा करीत असतात. गिऱ्हाईक आले तर हसतात, ते गेले की तक्क्याला टेकतात. सकाळी उठतानाच अंग जड असते. माळ्यावरचा माल पाहायला दोन जिने चढले की मांड्या भरून येतात. रात्री आठ तास पडून राहिले तरी झोप पुरी झाली असे वाटत नाही. घरचे म्हणतात, वय झाले. व्याही म्हणतात, उधारीची चिंता आहे. चिरंजीव मोबाइलवर एक जाहिरात दाखवतात : पेशींमधील ‘मायटोकॉन्ड्रिया’ मंदावल्या की माणूस थकतो, आणि आमच्या डब्यातील चूर्णाने त्या नैसर्गिकरीत्या पुन्हा जागृत होतात. नमुना पाहिल्याशिवाय गुळाची एक ढेप न घेणारे शेठजी तो डबा मात्र न पाहता मागवतात.

जाहिरातीतील पहिले अर्धे वाक्य खोटे नाही, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. अर्धसत्याला गिऱ्हाईक लवकर मिळते. म्हणून हा मायटोकॉन्ड्रिया काय प्रकार आहे, तो कशावर चालतो आणि कशाने अडतो, हे एकदा नीट पाहणे इष्ट ठरेल.

मराठीत त्यांना तंतुकणिका म्हणतात. मूळ नावाचा अर्थही तोच : ग्रीक भाषेतील दोरा आणि कण या दोन शब्दांचा जोड. १८९८ मध्ये कार्ल बेंडा या जर्मन संशोधकाने ते नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत या कणिका कधी दाण्यासारख्या, कधी धाग्यासारख्या दिसतात. एका पेशीत त्या शेकड्यांनी असतात, आणि जेथे काम अधिक तेथे त्यांची दाटी अधिक. हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ एकतृतीयांश भाग त्यांनीच व्यापलेला असतो, कारण हृदयाला रविवारची सुट्टी नाही. उलट रक्तातील तांबड्या पेशींत त्या मुळीच नसतात. प्राणवायू वाहून नेणाऱ्या त्या हमालाने वाटेत तो स्वतःच वापरू नये, अशीच जणू ही व्यवस्था आहे.

आपण खाल्लेले अन्न आणि घेतलेला श्वास यांची गाठ अखेर या कणिकांत पडते. तेथे जी वस्तू तयार होते तिचे संक्षिप्त नाव एटीपी. अ‍ॅडिनोसीन नावाच्या रेणूला फॉस्फेटचे तीन गट जोडलेले असतात. त्यांतील शेवटचा गट सुटला की ऊर्जा मोकळी होते आणि स्नायू आकसतो, मज्जातंतू संदेश धाडतो, मूत्रपिंड मीठ गाळते. या पदार्थाच्या शोधात एका भारतीयाचा वाटा आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयात सायरस फिस्क यांच्यासोबत काम करीत होते. स्नायूंतील फॉस्फरसचा माग काढताना १९२९ मध्ये त्यांना एटीपी सापडले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे ते शोधले. पुढे अनेक मोठी औषधे सुब्बाराव यांच्या हातून घडली. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या मायदेशातही फार थोड्यांना त्यांचे नाव माहीत होते.

व्यापारी मनाला हा व्यवहार चटकन समजतो. अंगावरची चरबी म्हणजे मुदतठेव. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर म्हणजे बचत खाते. एटीपी म्हणजे गल्ल्यातील रोकड. बाजारात मुदतठेवीची पावती देऊन भाजी मिळत नाही, त्याप्रमाणे शरीरालाही प्रत्येक हालचालीसाठी रोकडच लागते. गंमत अशी की ही रोकड एका वेळी अगदी थोडी, काही दशग्रॅमच असते, पण ती दिवसभरात इतक्या वेळा फिरते की एकूण उलाढाल माणसाच्या वजनाच्या घरात जाते. शिल्लक थोडी आणि उलाढाल अफाट, असे हे दुकान आहे. गल्ला काही क्षण जरी थांबला तरी सारे ठप्प होते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून प्राणवायूविना केवळ दोन एटीपी सुटतात. तंतुकणिकांत प्राणवायूच्या साहाय्याने तोच रेणू पूर्ण जळला, तर सुमारे तीस ते बत्तीस मिळतात. थकलेला माणूस आळशी असतो असे समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत.

हे कसे घडते, याची उकल होण्यास अर्धे शतक लागले. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये अन्नाच्या विघटनाचे चक्र मांडले. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये सांगितले की तंतुकणिकेच्या आतल्या पडद्याच्या एका बाजूस धन भाराचे प्रोटॉन साठवले जातात, आणि धरणाचे पाणी जनित्रातून जावे तसे ते परत येताना एटीपी घडते. तेव्हा अनेकांना ही कल्पना पटली नव्हती. १९७८ मध्ये त्याच कल्पनेला नोबेल पारितोषिक मिळाले.

आता थकव्याकडे वळू. जनित्र चांगले असले तरी धरणात पाणी नसेल, वंगण संपले असेल किंवा तार तुटली असेल, तर दिवा मंद होणारच. महिनोन्महिने थकलेल्या बहुसंख्य माणसांत दोष जनित्राच्या रचनेत नसतो. तंतुकणिकांचे जन्मजात आजार आहेत, पण ते दर पाच हजार माणसांत साधारण एकाला होतात. त्यांचे निदान विशेष तपासण्यांनी होते आणि चूर्णाच्या डब्याने ते बरे होत नाहीत. इतरांच्या बाबतीत पाहायचे ते पुरवठ्याचे हिशेब : रक्तात लोह किती, बी-१२ किती, थायरॉईडचे काम कसे, साखर किती, मूत्रपिंड व यकृत ठीक आहेत का, रात्री घोरताना श्वास अडतो का, मन उदास आहे का, बारीक ताप किंवा वजनात घट आहे का. हे तपासण्याचा खर्च बहुधा जाहिरातीतील एक-दोन डब्यांहून अधिक नसतो. निदान आधी, उपाय नंतर, हा क्रम व्यापारातही पाळावा लागतो. रोकड का अडली हे न पाहता नवे कर्ज काढणारा व्यापारी शहाणा मानला जात नाही.

यांतील बी-१२ या एका नोंदीपाशी आपल्या घरांनी अधिक वेळ थांबावे. मानवी शरीरात हे जीवनसत्त्व दोनच रासायनिक कामांसाठी लागते आणि त्यांतील एक काम थेट तंतुकणिकेत चालते. काही अमिनो आम्ले व काही चरबी जाळण्याच्या वाटेवर ते दाराची किल्ली असते. ते मुळात जिवाणू तयार करतात. वनस्पती ते बनवीत नाहीत, म्हणून धान्य, डाळ, भाजी, फळ यांत ते जवळजवळ नसते. शाकाहारी घराचा सारा आधार दूध, दही, ताक आणि पनीर यांवर असतो. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकी अल्प आहे, परंतु दुधाच्या एका मोठ्या पेल्यात एक मायक्रोग्रॅमच्या आसपासच मिळते आणि उकळताना त्यातलेही थोडे जाते. दोन वेळच्या चहातले दूध या हिशेबात धरता येत नाही. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कमतरता वर्षानुवर्षे अभ्यासली. पुणे परिसरातील पुरुषांच्या त्यांच्या एका पाहणीत सुमारे दोनतृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले, आणि सुस्थितीतील शहरी मध्यमवर्गही त्यातून सुटला नव्हता.

कमतरता एका दिवसात उमटत नाही. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, तो हळूहळू उतरतो. मग जीभ चुरचुरते, तळपायांना मुंग्या येतात, नावे आठवत नाहीत, चालताना तोल जातो, आणि या सर्वांच्या आधीपासून थकवा असतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि पित्तासाठी रोज आम्लरोधक गोळी घेणाऱ्यांत हा साठा अधिक लवकर खालावतो. बाजारपेठेत या दोन्ही गोळ्या किती जणांच्या खिशात असतात, हे औषधाच्या दुकानदाराला विचारावे. केवळ फॉलिक आम्लाची गोळी घेतल्यास रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. म्हणून मनाने औषध घेऊ नये.

कमतरता ठरल्यावर गोळी किंवा इंजेक्शन घेण्यास काही घरांत संकोच असतो. औषधातले बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, त्यासाठी प्राण्यांचे अवयव लागत नाहीत. अडचण असते ती वेष्टनाची. मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून मिळते. कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागावी. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील चरबीपासून बनते, तर दगडफुलासारख्या वनस्पतिवर्गातून काढलेले डी-३ देखील आता मिळते. डॉक्टरांना आपला आचार सांगितला तर ते पर्याय लिहून देतात. न सांगता औषध कपाटात ठेवून देणारे मात्र घरोघरी असतात.

पुरवठा ठीक असेल तर कणिकांची संख्या आणि कार्यक्षमता वाढवणारा एक उपाय निःसंशय सिद्ध झालेला आहे, आणि त्याचा डबा कोणी विकत नाही. तो म्हणजे चालणे. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे फिरत्या पट्ट्यावर धावण्याचा सराव दिला. त्यांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट झाल्याचे आढळले. माणसांतही हाच परिणाम पुढे वारंवार दिसला. मागणी वाढली की पेशी नव्या कणिका उभारते, मागणी नसेल तर असलेल्याही मोडीत काढते. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत गादीवर बसणाऱ्याच्या मांडीतील कारखाने असेच एकेक करून बंद होतात. मग दोन जिने चढताना धाप लागते, धाप लागते म्हणून जिना टाळला जातो, आणि जिना टाळल्याने आणखी कारखाने बंद होतात.

यावर दुकानदाराला जमेल असा मार्ग आहे. मंदिरात किंवा देरासरात जाताना गाडी न काढणे, दुपारी गिऱ्हाईक नसताना पेठेची एक फेरी मारणे, माल दाखवायला नोकराऐवजी स्वतः उठणे. आठवड्याला दीडशे मिनिटे बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी सांगते. ज्याला सुरुवातीला दहा मिनिटेच झेपतात त्याने दहाच मिनिटे चालावे. छातीत दाब, घाम किंवा डावा हात भरून येणे असे काही झाले, तर तो थकवा समजून चालत राहू नये.

सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांना अलीकडे विज्ञानाचा आधार मिळाल्याचे संदेश फार फिरतात. शरीरातील घड्याळ कसे चालते याच्या शोधासाठी २०१७ चे नोबेल दिले गेले, हे खरे. पचन, साखर आणि झोप यांना दिवस-रात्रीची लय असते, हेही खरे. उशिरा व भरपेट जेवून लगेच आडवे होणाऱ्याची साखर व झोप बिघडते. परंतु लवकर जेवणाऱ्याच्या तंतुकणिका आपोआप बलवान होतात, असे सरसकट सांगता येत नाही. आचार आपल्या आधारावर उभा आहे, त्याला प्रयोगशाळेचा शिक्का मारण्याची घाई कशाला करावी ? शिवाय जेवण सहाला उरकून झोप एकला असेल, तर लवकर जेवण्याचा लाभ मोबाइलच्या पडद्यापुढे बराचसा वाया जातो.

दीर्घ उपवासाबाबत एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. उपवासात साधारण एका दिवसात साठवलेली साखर सरत येते आणि कणिका चरबीवर चालू लागतात. शरीर हे उत्तम निभावते. धोका असतो तो पारण्याला. अनेक दिवसांच्या उपवासानंतर एकदम गोड पोटात गेले की इन्शुलिन उसळते, आणि रक्तातील फॉस्फेट झपाट्याने पेशींत ओढले जाते. एटीपीची जडणघडणच फॉस्फेटची असल्याने रक्तात ते फार खाली गेल्यास श्वासाचे स्नायू आणि हृदय यांनाही बळ उरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांत असे मृत्यू डॉक्टरांनी पाहिले. आजीने घालून दिलेले मुगाचे पाणी, पातळ राब आणि पहिल्या दिवशी थोडेच, ही पद्धत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. पारण्याच्या ताटात सहा मिठाया वाढणारे पाहुणे प्रेमळ असतात, पण त्यांना थांबवावे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने अठ्ठाईचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे.

सर्व तपासण्या ठीक, तरी थकवा जात नाही, अशी माणसे असतात आणि त्यांची घरात फार उपेक्षा होते. सहा महिन्यांहून अधिक टिकणारा, विश्रांतीने न जाणारा आणि थोड्याशा श्रमाने दुसऱ्या दिवशी दुपटीने उसळणारा थकवा हा एक स्वतंत्र आजार आहे. अनेकदा तो एखाद्या विषाणूच्या तापानंतर सुरू होतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये त्याच्या निदानाचे निकष मांडले. ब्रिटनमधील नाइस संस्थेने २०२१ मध्ये अशा रुग्णांना ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्ला मागे घेतला. म्हणजे वर सांगितलेले चालणे यांना औषध नसून अपायही ठरू शकते. या रुग्णांच्या तंतुकणिकांत बिघाड आढळतो का, यावर संशोधन चालू आहे, पण त्यातून सिद्ध उपचार अद्याप निघालेला नाही. त्यांनी दिवसाची शक्ती रोजच्या हातखर्चासारखी मोजून वापरावी, चांगल्या दिवशी साठलेली सारी कामे उरकू नयेत, आणि घरच्यांनी ‘जरा उठून फिर, बरे वाटेल’ हे वाक्य जपून वापरावे. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला नाटकी ठरवून सहा महिने रागावणारे पालक वाईट नसतात, त्यांना कोणी हे सांगितलेले नसते.

उरला तो डबा. त्यात बहुधा कोएन्झाइम क्यू-१० असते. हा पदार्थ कणिकांच्या पडद्यात खरोखर काम करतो आणि निरोगी शरीर तो स्वतःच तयार करते. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी तो रक्तात कमी होतो, पण तो वरून दिल्याने स्नायूदुखी थांबते का, याबाबत प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. सामान्य थकव्यावर त्याचा ठाम पुरावा नाही. रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी घेणाऱ्याने तर तो विचारल्याशिवाय घेऊच नये. ‘नैसर्गिक’ हा शब्द डब्यावर छापायला शाईखेरीज काही लागत नाही.

शेठजींच्या तपासण्या एव्हाना झालेल्या असतील. कोणीतरी आग्रह करील, अहवाल येईल, गोळ्या सुरू होतील. परंतु त्याच घरात आणखी एक थकलेले माणूस असते, ज्याच्यासाठी कोणी डबाही मागवलेला नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोह केवळ रक्ताच्या लालपणासाठी लागत नाही. तंतुकणिकांतील ज्या साखळीतून इलेक्ट्रॉन पुढे सरकतात, तिच्या जवळजवळ प्रत्येक कडीत लोह असते. त्यामुळे हिमोग्लोबिन बेताचे असतानाही लोहाचा साठा रिकामा असेल तर स्त्री थकते. म्हणून हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनचीही तपासणी मागावी.

आपल्या घरांतील आहारात बाजरी, मटकी, चणे, तीळ, अळीव यांतून लोह मिळते. तिथीला हिरवी भाजी नसली तरी कडधान्य असते. मात्र वनस्पतींतले लोह शरीरात सहजी शिरत नाही. त्याला लिंबू किंवा आवळा सोबत हवा, आणि जेवणाच्या वेळी चहा नको, कारण चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते. ताटावरून उठताच चहा घेण्याची सवय तासाभराने पुढे ढकलली, तरी फरक पडतो. दही डाळीसोबत न घेण्याचा नियम पाळणाऱ्यांनी ते सकाळी भाकरी किंवा भाताबरोबर घ्यावे, बी-१२ तेवढेच मिळेल.

हे सारे त्या घरातील सूनबाईला ठाऊक असते. तिची अडचण ज्ञानाची नसून घड्याळाची असते. पावणेसहाला सासरे दुकानातून जेवायला येतात, मग मुले, मग शेठजी घाईघाईने. गरम फुलका तव्यावरून थेट त्यांच्या ताटात पडतो. सर्वांचे उरकेपर्यंत सूर्य कलतो आणि तिचे चौविहार पाण्याच्या दोन घोटांवर आणि अर्ध्या भाकरीवर सुटते. पुन्हा सकाळी सर्वांचे डबे भरून ती नऊनंतर काही तोंडात घालते. महिन्यातून पंधरा दिवस हे असेच चालते आणि त्याला कोणी उपवास म्हणत नाही. फुलके सव्वापाचलाच करून डब्यात ठेवले तर ते थोडे गार होतील. साडेपाचला पहिले ताट तिचे वाढावे : बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, वर पिळलेले अर्धे लिंबू. पाहुणे असतील त्या दिवशीही.